सातव्या प्रश्नाचं उत्तर

सगळं डिपार्टमेंट त्याला 'हलूनका' म्हणायचं. हे नाव शोधायला कुणाला फार डोकं लागलं नव्हतं. अठरा वर्षं तो मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनवर बसत होता आणि अठरा वर्षं काचेपलीकडच्या माणसाला दिवसातून शंभरदा एकच गोष्ट सांगत होता, हलू नका. पुढेपुढे तर जिन्यात कुणाचा धक्का लागला तरी तोंडून आधी 'हलू नका' निघायचं आणि लोक खरंच तिथल्या तिथे उभे राहायचे. यावर त्याला स्वतःलाही हसू यायचं. माणूस नाकासमोर चालणारा, बोलायला कमी आणि कामाला चोख.

काम असं होतं, की कुणाच्या डोक्यात गाठ असली तर कापण्याआधी सर्जनला नकाशा लागतो. दिसण्याची जागा कुठे, ऐकण्याची कुठे, हात हलवण्याची कुठे. चुकून तिथे सुरी लागली तर गाठ जाते आणि माणूस आंधळा होऊन घरी जातो. म्हणून पेशंटला मशीनच्या बोगद्यात सरकवायचं, कानावर हेडफोन चढवायचे आणि आळीपाळीनं सांगायचं, तीस सेकंद बोटं हलवा, तीस सेकंद स्वस्थ पडा. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त धावतं, पाचसहा सेकंद उशिरानं, आणि पडद्यावर तिथे तांबडा ठिपका येतो. उजवा हात हलवला की डावीकडे, माथ्याजवळ. काही ऐकलं की दोन्ही कानांच्या वर. आणि काही पाहिलं, किंवा नुसतं ओळखीचं घर डोळ्यांसमोर आणलं, तरी पार मागे, डोक्याच्या तळाशी.

रोज सकाळी सातला, पहिल्या पेशंटच्या आधी, मशीनची स्वतःची परीक्षा व्हायची. त्यासाठी प्लॅस्टिकची एक गोल बाटली होती, माणसाच्या डोक्याएवढी, मिठाच्या पाण्यानं भरलेली. कंपनीच्या पुस्तकात तिला 'फँटम' म्हटलं होतं, म्हणून डिपार्टमेंटमध्ये तिचं नाव पडलं भूत. पाण्यात रक्त नाही, मेंदू नाही, तेव्हा पडदा कोरा यायला हवा. कोरा आला की मशीन ठीक.

"भुताला झोपवलं का काका?" डिपार्टमेंटच्या मुख्य डॉक्टरीणबाई आत येतायेता विचारायच्या.

"झोपवलं. पांघरूण मागत होतं," हा मान वर न करता सांगायचा.

बाकी हसण्यासारखं त्याच्याकडे फार उरलं नव्हतं. घरात दोघंच होती, तो आणि ताई. ताई सहा वर्षांनी मोठी, शाळेत चित्रकला शिकवायची. आई गेली तेव्हा हा अकरा वर्षांचा होता, तेव्हापासून आई म्हणा, बाप म्हणा, सगळं तीच. लग्न दोघांनीही केलं नाही. दीड वर्षापूर्वी एका सकाळी बाथरूममधला नळ वाहत राहिला, वाहतच राहिला, म्हणून यानं दार ढकललं. तेव्हापासून ताई याच हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर पडून होती. डोळे उघडे असायचे, पण कुणाकडे बघायचे नाहीत. रोज चार ते पाच, भेटीच्या वेळात, तो तिच्याशेजारी बसायचा. घरी गेल्यावर रेडिओ लावायचा नाही, कारण कुठलं स्टेशन लावायचं ते नेहमी तीच ठरवायची. रात्रीचं जेवण उभ्यानं, ओट्यापाशी. ताट मांडायचं तरी कुणासाठी?

आणि आता ताईची छाती भरत चालली होती.

"हे बघा काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत काय ते ठरवावं लागेल. गळ्याला भोक पाडून मशीन लावलं तर श्वास चालत राहील. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. नाही लावलं तर त्यांना त्रास होणार नाही एवढं आपण नक्की बघू. सही तुमची लागेल, दुसरं कुणी नाही ना?"

"नाही. पण ती आत असेल तर?"

"आत असतील तर त्यांनाच विचारू."

असं विचारता येतं. बोलता येत नाही, पापणी हलवता येत नाही अशा माणसालाही विचारता येतं. 'हो' म्हणायचं असेल तर उजवा हात हलवतोय असं मनात आणायचं, 'नाही' म्हणायचं असेल तर आपलं घर डोळ्यांसमोर आणायचं. हात खरा हलला नाही तरी मेंदूतली जागा पेटते. प्रश्न त्यानं स्वतःच्या आवाजात टेप केले, म्हणजे ताईला आवाज ओळखू येईल. आयुष्यभर लोकांना गप्प पडा म्हणणारा माणूस त्या टेपवर विनवत होता, ताई, हात हलव.

सोमवारी ताईला खाली आणलं. चाळीस मिनिटं ती बोगद्यात होती. पडदा कोरा आला. ना 'हो', ना 'नाही'.

"कानांचे ठिपकेसुद्धा नाहीत?" त्यानं विचारलं.

"कानसुद्धा नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पण लगेच घातला नाही. "काका, तिथे कुणी नाहीये."

ताईला परत ट्रॉलीवर घेताना वॉर्डातल्या मावशी मध्येच थांबल्या. पंचवीस वर्षं माणसं उचलणारी बाई ती. "हलक्या झाल्या हो," त्या म्हणाल्या. "येताना एवढ्या हलक्या नव्हत्या." त्याला वाटलं, दमल्या असतील.

मंगळवारी सकाळी त्याच्या हातून चूक झाली. अठरा वर्षांत पहिली. बाटली आत सरकवल्यावर मशीनला सांगावं लागतं, की आता पेशंट नाही, पाण्याची परीक्षा आहे. तेच राहिलं. मशीनच्या लेखी अजून सोमवारच होता, आत ताईच होती. रिकाम्या बोगद्यात, बाटलीला टेकून पडलेल्या हेडफोनमधून, त्याची टेप चालू झाली. हे लक्षात येईपर्यंत निम्मं झालं होतं. मरू दे, होऊन जाऊ दे, म्हणून तो बसून राहिला.

हिशेब संपल्यावर पडद्यावर ताईच्या डोक्याची आकृती आली, कारण मशीननं तीच धरून ठेवली होती. त्या आकृतीवर, दोन्ही कानांच्या वर, दोन तांबडे ठिपके होते.

तो घाबरला नाही. उलट जरा वैतागला. पडद्यावर हजारो बिंदू असतात, त्यांतले पाचपन्नास नशिबानं उगाच लागतात, हे तो नवख्यांना शिकवत आला होता. त्यानं चाळणी बारीक केली, म्हणजे ठळक तेवढेच उरावेत. ठिपके राहिले. कालच्या फाइलचं काही उरलं असेल म्हणून सगळं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. ठिपके आले. हेडफोनला आवाज नेणारी नळी काढून ठेवली, तर पडदा कोरा. नळी लावली, ठिपके हजर. कपाटातली जादा बाटली ठेवून पाहिली, तरी तेच.

पाणी ऐकत होतं. टेपवर तो 'हात हलव' म्हणाला की सहा सेकंदांनी डावीकडे माथ्याजवळ तिसरा ठिपका उमटत होता.

नऊला पहिला पेशंट आला, त्याचा नकाशा नेहमीसारखा निघाला. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भुताला झोपवलं का. तो नुसता हो म्हणाला.

बुधवारी तो सहालाच आला. बाटली ठेवली, दार लावलं आणि टेपऐवजी माइक समोर ओढला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काडीही नव्हती.

"ताई, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो का?"

हात. हो.

"तुला पोहता येतं?"

मागे, तळाशी मोठा ठिपका आला. घर. नाही. आणि ते खरं होतं, ताई पाण्याला जन्मभर घाबरायची.

मग त्यानं माइक आणखी जवळ ओढला. तो एकोणीस वर्षांचा असताना ताईच्या नावानं एक पत्र आलं होतं, तिच्या शाळेतून बदलून गेलेल्या एका मास्तरांचं. यानं ते फोडलं, वाचलं आणि फाडून टाकलं. ताई गेली असती तर हा एकटा पडला असता, इतकं साधं कारण होतं. तेहतीस वर्षं त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती.

"ताई," तो म्हणाला, "मास्तरांचं पत्र मी फाडलं. तुला माहीत होतं का?"

हात. हो.

त्याला रडू आलं. लाजेनं आलं, आणि कुणीतरी आपलं ऐकतंय या आनंदानंही आलं. दीड वर्षात त्याच्या बोलण्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. त्यानं नाक पुसलं आणि तिला तिथे दुखतं का ते विचारलं. नाही. एकटं वाटतं का? हो.

"मलाही," तो माइकमध्ये म्हणाला. हा काही प्रश्न नव्हता. पडद्यावर कानांच्या जागा तेवढ्या लाल झाल्या आणि तीस सेकंद तशाच राहिल्या.

त्या दिवशी त्यानं डॉक्टरीणबाईंना गाठलं. एकदा अजून बघू, म्हणाला. सोमवारी ती झोपेत असेल. त्याचं तोंड बघून त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. गुरुवारी नऊची वेळ दिली आणि सात प्रश्न स्वतः लिहून काढले, नीट, कोर्टात टिकतील असे. तुम्ही चित्रकला शिकवत होतात का? तुम्हाला मुलं आहेत का? असे सहा. सातवा होता, श्वासासाठी मशीन लावावं असं तुम्हाला वाटतं का?

"टेप तुमच्याच आवाजात करा," त्या म्हणाल्या. "आणि काका, फार आशा धरू नका."

गुरुवारी सकाळी सातला त्यानं ती टेप आधी पाण्याला ऐकवली. सहाच्या सहा उत्तरं बरोबर आली. सातव्याला मागे, तळाशी ठिपका उमटला, मोठा, नितळ, कडा स्पष्ट. नाही.

त्यानं सातवा प्रश्न पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा लावला. नाही.

नऊला ताईला आणलं. मावशींनी एकटीनंच तिला उचलून टेबलावर ठेवलं. चाळीस मिनिटांनी पडदा कोरा आला, हे तो धरूनच चालला होता.

फाइल डॉक्टरीणबाईंकडे त्याच्याच हातून जायची. पाण्याची उत्तरं त्यानं ताईच्या नावावर चढवली. ही लबाडी आहे असं त्याला वाटलं नाही. उत्तरं तिचीच होती, फक्त ती दुसरीकडून आली होती. सहा उत्तरं जशीच्या तशी ठेवली. सातव्याच्या जागी पहिल्या प्रश्नाचं 'हो' उचलून ठेवलं. माउसची दोन बटणं दाबावी लागली. पत्र फाडायलाही एवढाच वेळ लागला होता.

डॉक्टरीणबाई पडद्यासमोर उभ्याच राहिल्या. एकेक उत्तर त्यांनी दोनदा पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"काका, आहेत त्या आत."

"हो."

"मी सोमवारी म्हणाले होते, कुणी नाहीये. देवा, माझ्या हातून काय झालं असतं." त्यांचे डोळे भरले होते. अठरा वर्षांत त्यांनी याच्या फाइलवर एकदाही शंका घेतली नव्हती आणि आजही घेतली नाही.

शुक्रवारी ताईच्या गळ्याला भोक पाडून मशीन लावलं. श्वास एकदम नियमित झाला. फुस्स, थांबा, फुस्स. हा तिच्याशेजारी चार ते पाच बसला. आता ताई जाणार नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. जिवात जीव यायला हवा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. शनिवारी सकाळी बाटलीची परीक्षा घेताना त्यानं हेडफोनची नळी काढून ठेवली. ताईला काही बोलायचं असेल तर ते त्याला ऐकायचं नव्हतं.

सोमवारी दुपारी मावशींचा फोन आला. "काका, वर या. ताईंचा हात हलतोय."

चार मजले तो जिन्यानं चढला. पलंगाभोवती डॉक्टरीणबाई आणि दोन नर्स उभ्या होत्या. चादरीवर ताईचा उजवा हात होता. अंगठा आणि पहिलं बोट, अंगठा आणि दुसरं, तिसरं, करंगळी. मग उलट. अगदी संथ, नेमकं. मग हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"मी घड्याळ लावून बघितलं," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. आनंदानं त्यांचा चेहरा उजळला होता. "तीस सेकंद चालू, तीस सेकंद बंद. सकाळपासून. टेपवर तुम्ही बोटांचं असं सांगितलं होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "नुसतं हात हलव, एवढंच."

"मग कुठून आलं?"

त्याला ठाऊक नव्हतं. अंगठ्याला एकेक बोट लावणं ही त्याच्या मशीनमधली पेशंटांची कसरत होती. अठरा वर्षांत शेकडो माणसांना त्यानं ती शिकवली होती. ताईला कधीच दाखवली नव्हती.

तो वाकला. "ताई," तिच्या कानाशी म्हणाला.

हात चालूच राहिला. डोळे छताकडे होते. त्यात ओळखीचं काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी सातला त्यानं बाटली ठेवली. नळी लावली. माइक ओढला. दोनदा खाकरावं लागलं.

"ताई, आहेस?"

सहा सेकंद. हात. हो.

"रागावलीस?"

नाही.

याचं त्याला फार वाईट वाटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"वर तुझा हात हलतोय. कालपासून. तो तू हलवतेस का?"

त्यानं घड्याळ बघितलं नाही. पडद्यावर मागे, तळाशी रंग भरत आला. घर. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर.

नाही.

त्यानं पुन्हा विचारलं.

नाही.

"मग कोण हलवतंय?"

या प्रश्नाला ना 'हो' होतं, ना 'नाही'. मशीनला असा प्रश्न चालत नाही. कानांच्या जागा लाल झाल्या, तिनं ऐकलं होतं. बाकी पडदा काळा राहिला. तीस सेकंद झाले. मग तळाशी घर उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं. नाही, नाही, नाही. त्यानं काही विचारलेलं नसताना.

त्यानं मशीन बंद केलं.

दिवसभर त्यानं सहा पेशंट केले. तीनदा तो डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेला. सातवं उत्तर मी बदललं, एवढं वाक्य होतं. सांगितलं तर मशीन काढतील, हे त्याला माहीत होतं. आणि मग संध्याकाळी घरी जायचं, ओट्यापाशी उभं राहायचं, हेही माहीत होतं. तीनदा तो परत फिरला.

चारला तो वर गेला.

खोलीत ऊन आलं होतं. फुस्स, थांबा, फुस्स. हात चादरीवर स्वस्थ पडला होता, बंदचे तीस सेकंद चालू असावेत. त्यानं खुर्ची नेहमीपेक्षा जरा लांब ठेवली आणि बसला.

"आल्यापासून तुमचीच वाट बघतोय तो," मावशी हसून म्हणाल्या आणि बादली घेऊन बाहेर गेल्या. मावशी हाताबद्दल बोलत होत्या.

हात उचलला गेला. बोटं अंगठ्याला लागली नाहीत. हात पलंगाच्या कडेवरून पुढे आला, चाचपत, आणि गुडघ्यावर ठेवलेला त्याचा हात त्या हातानं धरला.

ताईचा हात गार असायचा, शाळेत असल्यापासून. हा उबदार होता.

उठावं असं त्याला वाटलं. ओरडावंसंही वाटलं. पण दीड वर्षात कुणी त्याचा हात धरला नव्हता. तो बसून राहिला आणि मनातल्या मनात मोजू लागला.

तीस झाले. मग साठ. पाच वाजले, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. बोटं सुटली नव्हती.